विश्लेषण : मुंबई-गोवा सागरी सफरीत रात्री बोट थांबते कुठे?

मुंबई ते गोवा हे सागरी अंतर सुमारे २२० सागरी मैल, म्हणजे साधारण ४०० किलोमीटर. शिडाची छोटी बोट ताशी ५ सागरी मैलांनी गेली, तर न थांबता ४४ तास लागतात. दोन-तीन माणसांना एवढा वेळ जागे राहणे कठीण. त्यामुळे दिवसाला ४०-५० मैल कापून रात्री थांबायचे, हा सोपा मार्ग. पण थांबायचे कुठे, हा खरा प्रश्न आहे.

मरिना म्हणजे नेमके काय?

मरिना म्हणजे छोट्या बोटींचा वाहनतळ, असे ढोबळमानाने म्हणता येईल. लाटांपासून सुरक्षित जागेत तरंगते धक्के असतात. पाणी चढले-उतरले की धक्काही बोटीसोबत वर-खाली होतो. त्यामुळे दोर सैल-घट्ट करत रात्र जागवावी लागत नाही. धक्क्यावर वीज व गोडे पाणी मिळते. इंधन आणि सांडपाणी काढून घेण्याचीही सोय बहुतेक ठिकाणी असते. भाडे सहसा बोटीच्या लांबीनुसार घेतले जाते.

कोकणात रात्रीचा पर्याय कोणता?

कोकण किनाऱ्यावर अशा मरिनांची साखळी नाही. त्यामुळे राजपुरी, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग अशा ठिकाणी खाडीच्या आडोशाला नांगर टाकावा लागतो. येथील धक्के प्रामुख्याने मासेमारी, फेरीबोटी किंवा मालवाहतुकीसाठी आहेत. मासळी उतरवण्याच्या वेळी पाहुण्या बोटीने तिथे जागा अडवणे मच्छीमारांच्या पोटावर येते.

नांगर टाकणे एवढे अवघड का?

नांगर केवळ वजनाने बोट धरत नाही. तो तळात रुतून धरतो. त्यासाठी साखळीची ओढ आडवी राहावी लागते. म्हणून पाण्याच्या खोलीच्या पाच ते सात पट साखळी सोडतात.

समजा, ओहोटीला खोली ४ मीटर आहे. भरतीचे २.५ मीटर आणि बोटीच्या नाळेची पाण्यापासूनची उंची १ मीटर मिळवली, तर ७.५ मीटर होतात. याच्या पाच पट म्हणजे ३७.५ मीटर साखळी. ओहोटीची खोली धरून २० मीटरच सोडली, तर मध्यरात्रीच्या भरतीत नांगर सुटू शकतो आणि बोट झोपलेल्या माणसांसह वाहू लागते.

पुरेशी साखळी सोडली तरी दुसरी अडचण असते. भरती-ओहोटीचा प्रवाह फिरला की बोटही नांगराभोवती फिरते. आजूबाजूला मच्छीमार बोटी दाटीने उभ्या असतील, तर तेवढी मोकळी जागा मिळत नाही.

न थांबता पुढे गेले तर?

अंधारात मासेमारीची जाळी आणि त्यांचे बोये दिसत नाहीत. जाळे पंख्यात अडकले की इंजिन बंद पडते आणि जाळेही फाटते. नुकसान दोघांचे होते. दुसरीकडे, अनेक खाड्यांच्या तोंडाशी वाळूचे दांडे असल्याने अनोळखी खाडीत रात्री शिरणेही धोक्याचे. म्हणून अनुभवी नाविक दुपारीच मुक्काम गाठण्याचा बेत करतात.

इतरत्र काय स्थिती आहे?

केरळमध्ये कोचीच्या बोलगट्टी बेटावर मरिना आहे. अमेरिकेत नॉरफोक ते मायामी हा सुमारे १,७५० किलोमीटरचा अंतर्गत किनारी जलमार्ग आहे. त्यावर जागोजागी मरिना असल्याने रोज संध्याकाळी बोट बांधून पुढे जाता येते. थांबलेली बोट गावात इंधन, किराणा, जेवण आणि दुरुस्तीवर खर्चही करते.

कोकणाला काय हवे?

प्रत्येक बंदरात आलिशान मरिना हवीच, असे नाही. मासेमारीच्या धक्क्यापासून वेगळे, तळाशी पक्के रोवलेले काही बोये, खाडीच्या तोंडाशी चालू स्थितीतले दिवे आणि किनाऱ्यावर उतरायला एक छोटा तरंगता धक्का, एवढ्यानेही रात्र सुरक्षित होऊ शकते. मात्र त्यांची जागा स्थानिक मच्छीमारांना विचारूनच ठरवावी लागेल. खाडीतला प्रवाह कुठे फिरतो आणि गाळ कुठे साचतो, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार?