लपवलेली अँटेना: अमेरिकेतला सीबी रेडिओ, जालन्यातला ट्रक आणि संशोधनाचा एक प्रश्न



"पेट पास झाले, आता विषय कसा शोधू?" हा प्रश्न तुमच्यापैकी बरेच जण विचारतात. पेपर वाचून विषय सापडतो, हे खरंच आहे. पण कधीकधी तो घरातल्या भांडणातूनही सापडतो. आज तसंच एक उदाहरण सांगते. त्यात थोडं गणित आहे, पण घाबरू नका, कॅल्क्युलेटर पुरेसा आहे.

माझे मामा जालन्याच्या एमआयडीसीतून सळई भरून पुण्याकडे ट्रक नेतात. एका फेरीनंतर त्यांच्या भत्त्यातून पैसे कापले गेले. कारण काय? नगरच्या अलीकडे, इमामपूर घाटाच्या आसपास, नकाशावर गाडी बराच वेळ "गायब" होती. म्हणजे ड्रायव्हरने गाडी कुठेतरी वळवली किंवा उभी केली, असा हिशोब लावला गेला. मामांचं म्हणणं, गाडी कुठंच थांबली नव्हती. घरी आल्यावर त्यांनी मला विचारलं, "तू त्या अँटेनाचंच शिकतीस ना? मग सांग, ह्या गाडीत ती हाय कुठं?"

मी केबिनमध्ये चढले आणि मला ती दाखवता आली नाही. यंत्र गाडी ताब्यात मिळाली तेव्हापासूनच आत होतं. ते कोणाचं आणि कोणी बसवलं, हे इथे महत्त्वाचं नाही. महत्त्वाचं हे, की जिच्या साक्षीवर मामांचे पैसे कापले गेले, ती अँटेना त्यांनी कधी पाहिलीच नव्हती.

अँटेना लपवता येते का?

हे समजून घ्यायला आधी सगळ्यात अवघड उदाहरण घेऊ, कारण त्यात नियम स्पष्ट दिसतो. अमेरिकेत लांब पल्ल्याच्या ट्रकमध्ये सीबी, म्हणजे सिटिझन्स बँड रेडिओ असतो. २७ मेगाहर्ट्झच्या आसपास ४० चॅनेल, ४ वॅट शक्ती, आणि ट्रकवाल्यांचं आवडतं चॅनेल १९, म्हणजे २७.१८५ मेगाहर्ट्झ. १९७३ च्या तेलसंकटात डिझेल कुठे मिळतंय, पुढे पोलीस कुठे उभे आहेत, हे एकमेकांना सांगायला ट्रकवाल्यांनी तो डोक्यावर घेतला.

(आपल्याकडेही २००५ पासून २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ हा पट्टा ५ वॅटपर्यंत परवानामुक्त आहे. अमेरिकेची पहिली २७ चॅनेल त्यात बसतात. तरी आपले ड्रायव्हर बोलतात ते मोबाइलवर, हॉर्नने आणि डिपरने.)

आता तरंगलांबी काढा. ३०० ला २७ ने भागा: साधारण ११ मीटर. उभी, पाव तरंगलांबीची अँटेना करायची तर पावणेतीन मीटरची काठी लागेल. ट्रकच्या टपावर एवढी काठी उभी केली तर पहिल्याच पुलाखाली तुटेल. म्हणून पूर्वी आरशांच्या दांड्यांवर दोन आखूड अँटेना लावत. पुढे कारखान्यातूनच अँटेना आरशाच्या कव्हरमध्ये किंवा टपावरच्या फायबरच्या आवरणाखाली दडवून येऊ लागल्या. गाडी सुबक दिसते, वाऱ्याला अडथळा नाही, चोरीची भीती नाही.

फायबरखाली का आणि पत्र्याखाली का नाही? कारण रेडिओतरंग धातूत शिरतच नाहीत म्हटलं तरी चालेल. तांब्यात २७ मेगाहर्ट्झची लहर सुमारे १३ मायक्रॉनमध्येच मंदावते. त्यामुळे पत्रा एक मिलिमीटरचा असो की पाच, अँटेनाला काही फरक पडत नाही. फायबर मात्र तिला जवळजवळ काचेसारखं आहे.

लपवण्याची किंमत

समजा आवरणाखाली फक्त ६० सेंटिमीटर जागा मिळाली. आखूड उभ्या अँटेनाचा प्रारण-रोध साधारण ४०π²(h/λ)² या सूत्राने मिळतो. h म्हणजे उंची, λ म्हणजे तरंगलांबी. ०.६ आणि ११ घालून बघा: सुमारे १.२ ओहम. पूर्ण पाव तरंगलांबीच्या काठीचा हाच आकडा ३६ ओहमच्या पुढे असतो.

आता कॉइल, जोडण्या आणि चेसिस मिळून ५ ओहम वाया जातात असं धरा. हा आकडा मी मोजलेला नाही, उदाहरणासाठी घेतला आहे. संशोधनात हा फरक नेहमी लिहून ठेवायचा. लांब काठीची कार्यक्षमता ३६ भागिले ४१, म्हणजे ८८ टक्के. आखूड अँटेनाची १.२ भागिले ६.२, म्हणजे १९ टक्के. ४ वॅटपैकी पाऊण वॅट बाहेर पडतो, बाकीच्याने कॉइल गरम होते.

मग पल्ला किती घटेल? इथे विद्यार्थी फसतात. मोकळ्या अवकाशाचं सूत्र लावलं तर पल्ला निम्म्याहून कमी होतो. पण दोन ट्रक जमिनीलगत बोलत असतात. तिथे जमिनीवरून परतलेली लहरही मोजावी लागते आणि शक्ती अंतराच्या चौथ्या घाताने घटते. त्या हिशोबाने पल्ला दोन-तृतीयांशाच्या जवळ राहतो. आकडे तेच, प्रतिमान वेगळं, उत्तर वेगळं. "कोणतं सूत्र?" याच्या आधी "कोणत्या परिस्थितीचं सूत्र?" हे विचारायची सवय लावा.

कोणी म्हणेल, जरा हुशारीने डिझाइन करा ना! पण व्हीलर (१९४७) आणि चू (१९४८) यांनी दाखवून ठेवलंय की लहान आकार, रुंद पट्टा आणि चांगली कार्यक्षमता या तिन्ही गोष्टी एकदम मिळत नाहीत. दोन घ्या, तिसरीचं मोल द्या. लपवणं फुकट नसतं.

मग जालन्याच्या ट्रकमध्ये काय आहे?

वारंवारता वाढली की तरंगलांबी घटते आणि लपवणं सोपं होतं. मामांच्या गाडीतल्या अँटेना बघा.

फास्टॅग: काचेवरचा तो स्टिकर म्हणजे अँटेनाच आहे. १ डिसेंबर २०१७ पासून नव्या चारचाकी गाड्यांवर तो विक्रीच्या वेळीच लावून मिळायला लागला. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ, अर्धी तरंगलांबी १७ सेंटिमीटर. तार नागमोडी वळवून ती स्टिकरमध्ये बसवतात. बॅटरी नसते, टोलवरचा वाचक जी ऊर्जा पाठवतो त्यावरच तो जागा होतो.

जीपीएस: १५७५.४२ मेगाहर्ट्झ, तरंगलांबी १९ सेंटिमीटर. सिरॅमिकच्या चौकोनात ती आणखी आखडते, म्हणून अडीच सेंटिमीटरची चकती पुरते. शेवेच्या वडीएवढी म्हणा ना. पण तिची एक अट आहे: तोंड आकाशाकडे हवं. खाली धातू चालतो, उलट मदतच करतो. वर धातू नको.

मोबाइल: यंत्राच्या आतल्या सिमची वेगळी अँटेना. जीपीएसकडून कळलेली जागा ती सर्व्हरला पाठवते.

शेवटच्या दोन अँटेना वेगळ्या आहेत, हे नीट लक्षात ठेवा. सगळा खटला त्यावरच उभा आहे.

"गायब" म्हणजे नक्की काय?

नकाशावरची रेघ तुटली, एवढंच मालकाला दिसलं. पण रेघ तुटण्याची निदान तीन कारणं असू शकतात. एक, गाडी खरंच बंद करून उभी केली. दोन, मोबाइलचं नेटवर्क गेलं. तीन, जीपीएसला उपग्रह दिसले नाहीत.

हे वेगळं कसं करायचं? आपल्याकडे अशा यंत्रांसाठी एआयएस-१४० हे मानक आहे आणि हे यंत्र त्याच धर्तीचं होतं. नेटवर्क गेलं तर असं यंत्र नोंदी साठवून ठेवतं आणि नंतर पाठवतं. नोंद ताजी आहे की साठवलेली, हेही तिच्यात लिहिलेलं असतं. म्हणजे कारण दोन असतं तर रेघ उशिरा का होईना, भरून आली असती. शिवाय प्रत्येक नोंदीत इंजिनची किल्ली चालू की बंद, किती उपग्रह दिसतायत, जागा पक्की झाली की नाही, मोबाइलचा सिग्नल किती, हे सगळं असतं. नकाशा मात्र यातलं काहीच दाखवत नाही.

मामांनी चार वेळा फोन करून कच्च्या नोंदी मागवल्या. त्या वेळच्या नोंदी होत्या, किल्ली चालू होती, मोबाइलचा सिग्नल होता. उपग्रहांची संख्या मात्र जागा पक्की करायला लागणाऱ्या चारच्या खाली गेलेली. म्हणजे गाडी बंद नव्हती. यंत्र आंधळं झालं होतं.

पण थांबा. किल्ली चालू म्हणजे गाडी धावतेय असं नाही. इंजिन चालू ठेवूनही उभं राहता येतं. म्हणून रेघ जिथे तुटली आणि जिथे पुन्हा जुळली, ते अंतर आणि वेळ बघितला. भरलेल्या गाडीच्या घाटातल्या वेगाशी तो जुळला.

मग डॅशबोर्ड उघडला. यंत्र एका लोखंडी पट्टीखाली, तिरकं बसवलेलं. चकतीचं तोंड अर्धं पट्टीकडे, अर्धं डावीकडच्या काचेकडे. सपाट रस्त्यावर डाव्या बाजूच्या आकाशातले उपग्रह कसेबसे पुरत होते. घाटात डावीकडे डोंगर आला की त्यातले एक-दोन गेले आणि हिशोब संपला. त्याच फेरीत डॅशबोर्डवर ठेवलेल्या मामांच्या फोनचा नकाशा मात्र नीट चालला होता, कारण त्याच्या वर फक्त काच होती. संशोधनाच्या भाषेत हा आपला तुलनेचा नमुना झाला. अर्थात एक गाडी आणि एक फेरी म्हणजे सिद्धांत नव्हे. "सगळ्या ट्रकांत असंच असतं" असं मी लिहिलं तर माझ्या गाइड मला दारात उभं करणार नाहीत, आणि बरोबरच करतील.

यातून प्रश्न कसा घडतो

पहिला प्रश्न होता: "मामा खोटं बोलतात का?" हा संशोधनाचा प्रश्न नाही. दुसरा: "ट्रकमध्ये जीपीएस चालतं का?" हा फार ढोबळ. तिसरा: "केबिनमध्ये यंत्राची जागा आणि कल बदलला तर घाटरस्त्यावर दिसणाऱ्या उपग्रहांच्या संख्येत किती फरक पडतो?" हा मोजता येतो, चुकीचा ठरू शकतो आणि त्याच्या उत्तराने कोणाचं तरी काम बदलू शकतं. असा प्रश्न सापडला की वहीत तारीख घालून लिहून ठेवा.

तुम्हालाही हे करून बघता येईल. फोनवर उपग्रहांची सिग्नल-पातळी दाखवणारं एखादं मोफत ॲप घ्या. मोकळ्या आकाशाखाली चांगल्या उपग्रहाला ४० डेसिबल-हर्ट्झच्या आसपास आकडा दिसतो. आता फोन एसटीच्या खिडकीशी धरा, मग सीटखाली, मग पत्र्याच्या डब्यात. प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं थांबा आणि आकडे लिहा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा करा. दोन दिवसांचे आकडे जुळले नाहीत तर निराश होऊ नका, का जुळले नाहीत ते लिहा. तिथूनच खरं काम सुरू होतं.

शेवटी एक गोष्ट, जी मला सूत्रांपेक्षा जास्त लागून राहिली. अमेरिकेतल्या ट्रकवाल्याची सीबी अँटेना बिघडली तर त्याला त्याच दिवशी कळतं, कारण हाक मारली तरी पलीकडून कोणी ओ देत नाही. ती अँटेना लपवलेली असली तरी त्याच्यासाठी बोलते. मामांची अँटेना त्यांच्याबद्दल दुसऱ्याशी बोलते. ती बिघडली तर मामांना सगळ्यात शेवटी कळतं, तेही पगाराच्या दिवशी. दोन्ही अँटेनांना भौतिकशास्त्र एकच लागू पडतं, पण चूक कोणाच्या माथी येते ते वेगळं असतं. मोजमाप करणाऱ्या माणसाने हे विसरू नये.

कापलेले पैसे काही परत मिळाले नाहीत. यंत्र मात्र पट्टीखालून काढून काचेजवळ, तोंड वर करून बसवलं. पुढच्या फेरीला घाट ओलांडल्यावर मामांचा फोन आला: "बघ गं, दिसायलो का?"

दिसत होते.