रात्रपाळी, बिशी आणि छातीतली जळजळ

भिवंडीत सकाळी यंत्रमागांची पाळी बदलते आणि रात्रभर मागावर उभा असलेला कारागीर थेट बिशी गाठतो. बिशी म्हणजे महिन्याच्या हिशेबाने जेवू घालणारी कामगारांची खानावळ. भात, आमटी, तेलाचा तवंग आलेली भाजी असं पोटभर जेवून तो खोलीवर जातो आणि लगेच आडवा होतो. थोड्याच वेळात घशाशी आंबट येतं, छाती जळू लागते. दोष मात्र भाजीतल्या मिरचीला.

मिरचीआधी घड्याळाकडे पाहायला हवं. अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंचं एक कडं असतं. घास खाली उतरताना ते सैल होतं, मग आवळून बसतं. जठराच्या आतल्या अस्तराला आम्ल सोसतं, अन्ननलिकेच्या अस्तराला सोसत नाही. पोट तुडुंब भरलं की हे कडं वारंवार सैल पडतं. त्यात माणूस आडवा झाला की आम्लाला वर यायला वाट मोकळीच. जड जेवण जठरातून पुढे सरकायला तीन-चार तास लागतात, तेलकट असेल तर आणखी. म्हणून जेवण आणि झोप यांत निदान तीन तास हवेत.

रात्रभर राबलेल्या माणसाला सकाळी तीन तास जागं राहायला कोण सांगणार? त्यापेक्षा मोठं जेवण पाळीच्या मध्यावर हलवावं, डबा सोबत न्यावा आणि सकाळी दोन पोळ्या-वरण एवढ्यावर भागवावं. रमजानात सेहरी करून पुन्हा झोपणाऱ्यांनाही झोपेआधी हलकं खाण्याचा हाच नियम लागू.

चहाचं माणसागणिक वेगळं असतं. ज्याला बाधतो त्याने कमी करावा. तंबाखूला मात्र सवलत नाही, निकोटिनने ते कडंच ढिलं पडतं. माणकोली-राहनाळच्या गोदामांत जेवल्याजेवल्या वाकून पेट्या उचलणाऱ्यांच्या पोटावर दाब येतो, घट्ट पट्ट्यानेही येतो. सुटलेलं पोट हा तर कायमचाच दाब. वजन उतरलं की जळजळही उतरते.

झोपताना नुसत्या उशा रचल्या तर मान आणि कंबर वाकते, पोट दबतं. खाटेच्या उशाकडच्या पायांखाली दोन-दोन विटा एकावर एक आडव्या ठेवाव्यात, साधारण सहा इंच उंची मिळते. जमिनीवर झोपणाऱ्याने कमरेपासून डोक्यापर्यंत चढत जाईल अशी गोधड्यांची घडी घालावी आणि डाव्या कुशीवर वळावं. त्या कुशीवर जठर अन्ननलिकेच्या तोंडापेक्षा खाली राहतं.

घास अडकणं, कारण नसताना वजन घटणं, रक्ताची उलटी, काळं शौच यांपैकी काही दिसलं तर मेडिकलमधून गोळी आणून दिवस काढू नयेत, डॉक्टर गाठावा. छातीत दडपण येऊन घाम फुटला, कळ हातात किंवा जबड्यात गेली, तर पित्त समजून सोडा पिऊ नये. ताबडतोब रुग्णालयात जाऊन ईसीजी काढावा.

राहतो प्रश्न मधल्या जेवणाचा. मजुरी कापडाच्या मीटरवर मिळत असेल तर माग थांबला की कमाई थांबते, म्हणून घास उभ्याउभ्या, घाईघाईत गिळले जातात. शेजारच्या कारागिराने वीस मिनिटं आपले माग सांभाळायचे आणि मग आपण त्याचे, असं ठरवता येतं. मालकाने तेवढ्या वेळेची मजुरी कापू नये आणि बसायला एक बाकडं द्यावं.