नाव तुमचं, पण चावी कुणाकडे?

वेबसाइटचं नाव ठरवायला आपण चार रात्री जागतो आणि ते कुणाकडून घ्यायचं, हे चार मिनिटांत उरकतो. खरा घोळ होतो तो या चार मिनिटांतच!

नाव ठरलं. लोगो झाला. इन्स्टावर त्याच नावाचं हँडलही मिळालं. आता राहिली फक्त वेबसाइट. कुणाला ट्रेकिंग ग्रुपची करायचीय, कुणाला स्वतःच्या फोटोंचा पोर्टफोलिओ टाकायचाय, कुणाला आईच्या दिवाळी फराळाच्या ऑर्डर्स घ्यायच्यात, तर कुणाच्या गळ्यात कॉलेज फेस्टच्या वेबसाइटचं काम पडलंय. मग ग्रुपवर मेसेज जातो, ‘डोमेन कुठून घेऊ रे?’ लगेच उत्तर येतं, ‘कुठूनही घे, सगळे सारखेच. स्वस्त दिसेल तिथून उचल.’

हे उत्तर अर्धंच खरं आहे. नाव सगळीकडे तेच मिळतं, हे बरोबर. पण पुढच्या वर्षी ते किती रुपयांना पडेल, अडचण आली तर फोन कोण उचलेल आणि वेळ पडली तर ते घेऊन दुसरीकडे जाता येईल का, हे मात्र तुम्ही कुणाकडून घेता त्यावर ठरतं.

विकत नाही, भाड्याने!

आपण ‘डोमेन विकत घेतलं’ असं म्हणतो. प्रत्यक्षात ते कुणालाच कायमचं विकत मिळत नाही. एका वेळी एक ते दहा वर्षांसाठी ते आपल्या नावावर नोंदवता येतं, इतकंच. पुण्या-मुंबईत रूम शोधलेल्यांना हा मामला पटकन कळेल. ‘डॉट कॉम’ ही जणू एक मोठी सोसायटी. तिचं रजिस्टर व्हेरिसाइन नावाची अमेरिकन कंपनी सांभाळते. आपल्या ‘डॉट इन’चं आणि देवनागरीतल्या ‘डॉट भारत’चं रजिस्टर नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, म्हणजे निक्सीकडे असतं. पण आपण थेट त्यांच्याकडे जात नाही. मधे एजंट असतो, तोच रजिस्ट्रार. ‘डॉट कॉम’सारख्या नावांसाठी कोणाला रजिस्ट्रार म्हणून मान्यता द्यायची, हे १९९८ साली स्थापन झालेली आयकॅन ही ना-नफा संस्था ठरवते. ‘डॉट इन’साठी ही मान्यता निक्सी देते.

आता रूम चांगली असली तरी एजंट कसा भेटतो यावर पुढचं वर्ष कसं जाणार ते ठरतं, हे तुम्हाला सांगायला नकोच.

९९ रुपयांचं गणित

‘पहिलं वर्ष फक्त ९९ रुपये!’ ही जाहिरात तुम्ही पाहिलीच असेल. यात फसवणूक नाही, पण गणित समजून घ्या. सप्टेंबर २०२४पासून एका ‘डॉट कॉम’साठी रजिस्ट्रारलाच वर्षाला १०.२६ डॉलर व्हेरिसाइनला मोजावे लागतात. म्हणजे नऊशे रुपयांच्या आसपास. वर आयकॅनची छोटी फी आणि आपल्याकडचा जीएसटी. नऊशेची वस्तू कुणी ९९ला देत असेल, तर उरलेले पैसे तो कुठून तरी काढणारच ना?

ते निघतात दुसऱ्या वर्षाच्या रिन्यूअलमधून. तोवर तुमचं नाव व्हिजिटिंग कार्डवर छापलेलं असतं, लोकांच्या तोंडात बसलेलं असतं, त्यामुळे तुम्ही सोडून जात नाही. म्हणून बघायचा तो दुसऱ्या वर्षाचा भाव. तो होमपेजवर मोठ्या अक्षरात नसतो, बारीक अक्षरात खाली किंवा प्राइसिंगच्या पानावर असतो. दोन-तीन रजिस्ट्रारांचा पाच वर्षांचा एकूण खर्च मांडून बघा. पहिल्या वर्षी महाग वाटलेला पर्याय पुष्कळदा स्वस्त निघतो.

दुसरी गंमत कार्टमध्ये असते. पैसे भरायला जावं तर ईमेल, होस्टिंग, ‘सिक्युरिटी पॅक’ असं काहीबाही आधीच टिक करून ठेवलेलं दिसतं. तुमचं नाव-पत्ता लपवणारी प्रायव्हसी सुविधा ‘डॉट कॉम’वर अनेक रजिस्ट्रार फुकट देतात. वेबसाइटला कुलूप दाखवणारं एसएसएल सर्टिफिकेटही लेट्स एन्क्रिप्टसारख्या सेवेतून फुकट मिळतं. गरज नसलेली टिक काढा, मगच पुढे जा.

ॲग्रीमेंटवर नाव कुणाचं?

डोमेन हातातून जाण्याचं कारण हॅकर असतोच असं नाही. बऱ्याचदा कारण असतं दोस्ती. ‘माझं अकाउंट आहे, मीच घेऊन टाकतो’ असं म्हणणारा मित्र किंवा वेबसाइट बनवून देणारा ओळखीचा दादा डोमेन स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर नोंदवतो. मनात खोट नसते. पण पुढे तो नोकरीला बंगळुरूला जातो, नंबर बदलतो किंवा तुमचं बिनसतं. रजिस्ट्रारच्या लेखी मालक तोच. तुम्ही लोगो दाखवा, नाहीतर इन्स्टाचे फॉलोअर्स दाखवा, ॲग्रीमेंटवर तुमचं नावच नाही!

फेस्टच्या वेबसाइटचं तर हमखास असंच होतं. यंदाच्या सेक्रेटरीने स्वतःच्या जीमेलवर डोमेन घेतलं, तो पास होऊन गेला, पुढच्या वर्षी रिन्यूअलचा मेल त्याच्या इनबॉक्समध्ये न उघडता पडून राहिला. नाव सुटलं की ते उचलायला लोक टपलेले असतात, कारण जुन्या नावाला गुगलवर वजन असतं. मग कॉलेजच्या फेस्टचा पत्ता टाकला की बेटिंगची जाहिरात उघडते.

तेव्हा अकाउंट स्वतःच्या किंवा संस्थेच्या नावाने हवं. ईमेलही विचार करून द्या. कॉलेजने दिलेला आयडी पास झाल्यावर बंद पडू शकतो, तो नको. ज्या डोमेनचं अकाउंट आहे, त्याच डोमेनवरचा ईमेलही नको. डोमेन बंद पडलं की तो ईमेलही बंद आणि रिन्यूअलचे मेलही गायब. आणि डोमेन घेतल्यावर ईमेल पडताळणीची लिंक येते, ती १५ दिवसांत क्लिक करा. नाहीतर ‘डॉट कॉम’सारखं डोमेन थांबवलं जाऊ शकतं.

तारीख विसरलात तर?

‘मी नाही विसरणार’ असं वाटतंय? डिसेंबर १९९९मध्ये मायक्रोसॉफ्टसारखी कंपनी ‘पासपोर्ट डॉट कॉम’ या नावाची ३५ डॉलरची फी भरायला विसरली होती. हॉटमेलचं लॉगिन त्याच नावावरून चालायचं. ऐन नाताळात लोकांना मेल उघडेना. शेवटी एका प्रोग्रामरने स्वतःच्या क्रेडिट कार्डवरून ती फी भरून टाकली!

तुमच्यासाठी कुणी अशी फी भरणार नाही. ‘डॉट कॉम’सारख्या नावांच्या बाबतीत मुदतीआधी साधारण महिनाभर आणि आठवडाभर अशा दोन सूचना रजिस्ट्रारने द्यायलाच हव्यात, असा आयकॅनचा नियम आहे. मुदत संपली की रजिस्ट्रारवर अवलंबून काही दिवसांची सवलत मिळते, जास्तीत जास्त ४५ दिवस. पण याच काळात काही रजिस्ट्रार ते नाव लिलावातही काढतात. त्यानंतरचे ३० दिवस नाव परत मिळतं, पण नेहमीच्या फीच्या कित्येक पट दंड भरून. मग आणखी पाच दिवस आणि नाव सगळ्यांसाठी खुलं. म्हणून रजिस्ट्रारची ही ‘सवलत’ किती दिवसांची आणि दंड किती, हे घेण्याआधीच वाचा.

एजंटच पळाला तर?

असंही झालंय. रजिस्टरफ्लाय नावाच्या अमेरिकन रजिस्ट्रारचा कारभार इतका कोलमडला, की २००७मध्ये आयकॅनने त्याची मान्यता काढून घेतली. लाखो नावं टांगणीला लागली, शेवटी ती दुसऱ्या रजिस्ट्रारकडे सोपवावी लागली. त्या धड्यानंतर रजिस्ट्रारांनी ग्राहकांच्या नोंदींची प्रत त्रयस्थाकडे ठेवण्याच्या नियमावर कडक लक्ष दिलं जाऊ लागलं. ही सोय मान्यताप्राप्त रजिस्ट्रारच्या ग्राहकांना मिळते, म्हणून मान्यता बघायची.

मोठं नाव म्हणजे कायमचा एजंट, असंही नाही. गुगलने स्वतःचा डोमेनचा धंदा २०२३मध्ये स्क्वेअरस्पेसला विकला. ग्राहकांची नावं गेली नाहीत, पण एजंट बदलला.

आपल्याकडे होस्टिंग विकणारे अनेक जण स्वतः रजिस्ट्रार नसतात, दुसऱ्या रजिस्ट्रारचे रिसेलर असतात. त्यात गैर काही नाही. फक्त मागे खरा रजिस्ट्रार कोण, हे विचारून ठेवा. उद्या रिसेलरने फोन उचलणं बंद केलं, तर दाद तिथेच मागायची असते.

खरी परीक्षा : जाऊ देतो का?

चांगला एजंट ओळखायची सोपी खूण म्हणजे तो सोडून जाणं किती सोपं आहे. डोमेन दुसरीकडे न्यायला एक ऑथ कोड लागतो. ‘डॉट कॉम’साठी तो मागितल्यापासून पाच दिवसांत द्यावा, असा नियम आहे. नवं डोमेन पहिले ६० दिवस हलवता येत नाही, हे लक्षात ठेवा. एरवी हा कोड अकाउंटमध्ये एका क्लिकवर मिळतो की ‘सपोर्टला तिकीट टाका’ म्हणतात, हे आधीच त्यांच्या हेल्पच्या पानावर तपासा. आणि जाताना वेगळी फी मागणाऱ्याकडे मुळात जाऊच नका.

पैसे भरण्याआधी हे बघा

• आयकॅनच्या (किंवा ‘डॉट इन’ असेल तर निक्सीच्या) मान्यताप्राप्त यादीत नाव आहे का?
• दुसऱ्या वर्षाचा रिन्यूअल भाव, जीएसटी धरून किती?
• मुदत संपल्यावर सवलतीचे दिवस आणि दंड किती?
• ऑथ कोड आणि ट्रान्सफर लॉक स्वतःच्या हातात आहे का?
• लॉगिनला दुहेरी पडताळणी लावता येते का?
• सपोर्टला विक्रीआधीच एखादा अवघड प्रश्न विचारून बघा. माणूस उत्तर देतो की नुसताच बॉट?

डोमेन आधीच घेतलं असेल, तरी आज एक काम कराच. आयकॅनच्या लुकअप पानावर आपलं नाव टाका. रजिस्ट्रार कोण, मुदत कधी संपते, ते तिथे दिसेल. मग त्या रजिस्ट्रारच्या अकाउंटमध्ये लॉगिन करून बघा. पासवर्ड तुमच्याकडे नसेल, तर तो ज्याच्याकडे आहे त्या मित्राला आजच फोन लावा, अजून बोलणं सुरू आहे तोवर!