गाव नवं, शाळा कुठे?

मित्रांनो, एक कोरा कागद आणि पेन्सिल घ्या पाहू. आज आपल्याला एक गाव वसवायचं आहे. अगदी नवंकोरं! तिथे अजून एकही घर नाही, रस्ता नाही. नुसतं माळरान. आणि थोड्याच वर्षांत तिथे पाच हजार माणसं राहायला येणार आहेत.

काढलंत काही? बहुतेकांनी आधी रस्ते काढले असतील, मग घरं, दुकानं, एखादं देऊळ आणि क्रिकेटचं मैदान. शाळा मात्र उरलेल्या कोपऱ्यात! लाजू नका. खरीखुरी गावं वसवणारी मोठी माणसंसुद्धा पुष्कळदा असंच करतात. मग होतं काय, तर पहिलीतल्या चिमुरड्यांना पाठीवर दप्तर घेऊन दोन-दोन मोठे रस्ते ओलांडावे लागतात, नाहीतर पहाटे उठून बस गाठावी लागते.

आधी शाळा, मग गाव

अमेरिकेत क्लॅरेन्स पेरी नावाचे एक गृहस्थ होते. १९२९ साली त्यांनी एक साधी युक्ती सुचवली. शाळा कोपऱ्यात नको, मध्यभागी हवी. कंपासचं टोक शाळेवर ठेवायचं आणि पाव मैलाचं, म्हणजे साधारण ४०० मीटरचं, वर्तुळ काढायचं. वस्ती त्या वर्तुळाच्या आसपास बसवायची. मोठे, धावत्या गाड्यांचे रस्ते वस्तीच्या बाहेरून न्यायचे. म्हणजे शाळेत जाताना एकाही मुलाला मोठा रस्ता ओलांडायला नको!

आणि वस्ती केवढी? एक प्राथमिक शाळा भरेल एवढी. हा हिशोब तुम्हीही करू शकता. समजा, वस्तीत ५,००० माणसं आहेत आणि दर आठ माणसांमागे एक मूल पहिली ते पाचवीत आहे. किती मुलं झाली? ६२५. पाच इयत्तांत वाटली तर प्रत्येक इयत्तेत १२५. म्हणजे जवळजवळ ४२ मुलांच्या तीन तुकड्या. झाली की नाही एक शाळा?

त्याच सुमाराला न्यू जर्सी राज्यात रॅडबर्न नावाची नवी वस्ती उभी राहत होती. तिथे घरांच्या मागून बागा आणि पायवाटा ठेवल्या आणि रस्त्याखालून पायी जायला बोगदा केला. वरून मोटारी, खालून मुलं! पुढे मंदीची लाट आली आणि रॅडबर्न अर्धवटच राहिलं, पण कल्पना मात्र जगभर पोचली.

पाच वाजता कुलूप?

शाळा मध्यभागी आली, छान झालं. पण शाळा सुटल्यावर काय? वर्गांना कुलूप, मैदानाला कुलूप, वाचनालयाला कुलूप. गावातली सगळ्यात मोठी इमारत, गावाच्या मधोमध, आणि संध्याकाळभर रिकामी! पेरींना हे फार खटकायचं. शाळेची इमारत इतर वेळी गावाला वापरू द्यावी, असं सांगणारं पुस्तकच त्यांनी १९१० साली लिहिलं होतं.

इंग्लंडमधल्या केंब्रिजशायरचे शिक्षणाधिकारी हेन्री मॉरिस यांनाही हेच वाटत होतं. तिथल्या खेड्यांतली तरुण मुलं शहराकडे निघून चालली होती. गावात करण्यासारखं काही उरलंच नव्हतं ना! मॉरिसनी ठरवलं, की आजूबाजूच्या खेड्यांत मिळून एक अशी शाळा बांधायची, की जिचा उपयोग शेवटची घंटा झाल्यावरही व्हावा. १९३० साली सॉस्टन इथे अशी पहिली शाळा सुरू झाली. दिवसा मुलांचे वर्ग, संध्याकाळी मोठ्यांचे. सभागृह आणि वाचनालय सगळ्यांचं. १९३९ साली इम्पिंग्टन इथली शाळा झाली. तिच्यात तर मोठ्या माणसांसाठी इमारतीचा एक खास भागच होता. ती आखणाऱ्या दोन वास्तुविशारदांपैकी एकाचं नाव मॅक्सवेल फ्राय. हे नाव लक्षात ठेवा बरं का!

फ्रायसाहेब भारतात येतात

१९४७ साली देशाची फाळणी झाली. पंजाबची राजधानी लाहोर पाकिस्तानात गेली. इकडच्या पंजाबला नवी राजधानी हवी होती, म्हणून चंदीगड वसवायचं ठरलं. १९५१ साली मुख्य आखणीसाठी ल कॉर्बुझिए आले आणि त्यांच्यासोबत पिएर जानरे, जेन ड्र्यू आणि आपले हेच मॅक्सवेल फ्राय!

चंदीगडचे सेक्टर तुम्ही ऐकले असतील. असा एक सेक्टर साधारण १,२०० मीटर लांब आणि ८०० मीटर रुंद. वेगवान रस्ते त्याच्या कडेने आणि मधून जाणारा एक हिरवा पट्टा. शाळा त्या पट्ट्यात! आता आठवी-नववीतल्यांनो, पायथागोरसला बोलवा. सेक्टरच्या कोपऱ्यापासून मध्यापर्यंत सरळ अंतर किती? ६०० आणि ४०० या दोन बाजू घ्या. उत्तर येतं सुमारे ७२० मीटर, म्हणजे चालत दहा मिनिटं. अगदी कोपऱ्यातल्या घरातलं मूलही डबा हलवत आरामात पोचेल.

पण एक गोची आहे

नव्या गावात बहुतेक तरुण जोडपी राहायला येतात. त्यांची मुलं एकदमच शाळेत जाऊ लागतात आणि वर्ग तुडुंब भरतात. वीसएक वर्षांनी तीच मुलं मोठी होऊन बाहेर पडतात आणि बाकं रिकामी! मग शाळा बंद करायची? नाही हो. म्हणूनच ती सगळ्या गावाची हवी. रिकाम्या झालेल्या वर्गात बालवाडी भरेल, आजी-आजोबांचं वाचनालय येईल, शिवणवर्ग चालेल. पुन्हा मुलं वाढली की वर्ग पुन्हा मुलांचे.

आणि नुसता नकाशा चांगला असून भागत नाही. कायदासुद्धा शाळा जवळ असावी असंच म्हणतो. शिक्षण हक्काच्या २०१० च्या केंद्रीय नियमांत पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा असावी असं म्हटलंय. पण आई-बाबांनो, खरं सांगा, घराजवळची शाळा सोडून आपण मुलांना लांबच्या शाळेत का घालतो? जवळच्या शाळेकडे सगळ्यांनीच पाठ फिरवली, तर ती चांगली करणार कोण?

आपल्या नवी मुंबईचंच पाहा. १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना मांडली आणि १९७० साली सिडको स्थापन झाली. पण ती जागा म्हणजे तुमच्या कागदासारखी कोरी नव्हती. तिथे ९५ गावं होती, त्यांची भातशेती होती, मिठागरं होती. अशा ठिकाणी शाळेचं काम आणखीनच मोठं होतं. जुन्या गावातला मुलगा आणि नव्या इमारतीतली मुलगी एका बाकावर बसली, तरच दोन्ही मिळून एक शहर होतं. नाहीतर मधे कुंपण राहतंच.

तेव्हा या रविवारी एक करा. घरापासून शाळेपर्यंत चालत जा. किती मिनिटं लागली? किती रस्ते ओलांडले? रविवारी शाळेचं फाटक उघडं होतं की बंद? सगळं वहीत लिहा, नकाशा काढा आणि तो आई-बाबांना, बाईंना, तुमच्या नगरसेवकांना किंवा सरपंचांना दाखवा. शाळेच्या वाटेची खरी माहिती तुमच्याइतकी दुसऱ्या कुणाला असणार?

आणि हो, तो पहिला कागद फेकू नका. खोडरबर घ्या आणि शाळा कोपऱ्यातून उचलून मधे आणा. मग बघा, बाकीचं गाव कसं आपोआप तिच्याभोवती बसतं ते!