ही पेटी कुठल्या प्लॉटची?

माळशेज घाट उतरून मुरबाडमार्गे आलेला भाजीचा टेम्पो शहाड ओलांडतो आणि कल्याणच्या बाजारात रिकामा होतो. चार गावांचा माल तिथे एकत्र होतो. भेंडी आपल्या पिशवीत पडेपर्यंत ती कुणाच्या शेतातली, हे सांगणारे बहुतेकदा काहीच उरत नाही. शहाडवरूनच कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गाने नाशिक गाठले, की वेगळे चित्र दिसते. युरोपला निघालेल्या द्राक्षपेटीवरच्या क्रमांकावरून थेट बाग सापडते.

ही शिस्त ठेच लागून आली. २००३ मध्ये आपल्या द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश युरोपात सापडले. पुढे १ जानेवारी २००५ पासून युरोपीय संघाने माल कुणाकडून घेतला आणि कुणाला दिला, याची नोंद बंधनकारक केली. तिथल्या सुपरमार्केटांनी त्यावर ‘ग्लोबलगॅप’सारख्या आपल्या अटी घातल्या. केंद्र सरकारच्या ‘अपेडा’ या कृषी निर्यात संस्थेने २००६ मध्ये ‘ग्रेपनेट’ सुरू केले. त्यात बागेची नोंदणी, प्रयोगशाळेचा अहवाल, पॅकहाऊस आणि निर्यातीचे दाखले एकाच साखळीत येतात.

प्रयोगशाळेतली मोजणी थक्क करणारी आहे. मर्यादा ठरलेली नसलेल्या औषधाला युरोपात किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम इतकीच सूट मिळते, म्हणजे १०० किलो द्राक्षांत एक मिलिग्रॅम! फवारलेले औषध ऊन-पावसाने आणि वेलीतल्या रासायनिक क्रियांनी विघटित होत जाते. समजा, ते दर चार दिवसांनी निम्मे होत असेल, तर १६ दिवसांनी सोळावा हिस्सा उरेल. म्हणून बागाईतदाराच्या वहीतली फवारणीची तारीख, औषधाचे नाव, लिटरमागचे प्रमाण आणि काढणीचा दिवस हीच माझ्या मते साखळीची पहिली कडी. ती खोटी असेल, तर पुढचे सगळे बारकोड निरुपयोगी.

मागोव्यालाही मर्यादा आहे. २०१० मध्ये वेलीची वाढ रोखणाऱ्या क्लोरमेक्वॅट क्लोराइडमुळे द्राक्षे युरोपात अडकली, कारण आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत ते रसायनच नव्हते. जे शोधलेच नाही, ते कागदावर येणार कुठून? पण लॉट वेगळे ठेवले असतील, तर दोषी प्लॉटचाच माल बाजूला काढता येतो. सगळे एकत्र केले, तर नियम पाळणारा शेतकरीही त्यात भरडला जातो.

युरोपच्या ग्राहकासाठी जे जमते, ते कल्याणच्या ग्राहकासाठीही जमले पाहिजे. बाजार समितीने सुरुवातीला निदान भेंडी आणि टोमॅटोच्या क्रेटवर गाव, गट नंबर आणि शेवटच्या फवारणीची तारीख लिहिलेली चिठ्ठी सक्तीची करावी.