रोगजंतू आणि त्यांच्या वाटा

पावसाळा लागला की हिंजवडी, माण, मारुंजी या बाजूला घरोघर तापाचे रोगी दिसू लागतात. कोणी म्हणतो हवा बदलली, कोणी म्हणतो पाणी बाधले, कोणी म्हणतो साथ आहे, आली तशी जाईल. जणू काही साथ पावसासारखी आभाळातून उतरते आणि तिच्यापुढे माणसाचा इलाज चालत नाही! वस्तुस्थिती तशी नाही. प्रत्येक सांसर्गिक रोगाच्या मागे एक ठराविक जंतू असतो, आणि त्या जंतूला एका माणसापासून दुसऱ्यापर्यंत जाण्यासाठी ठराविक वाट लागते. जंतू कोणता आणि त्याची वाट कोणती, हे दोन प्रश्न विचारण्याची सवय आपणा सर्वांना लागावी, एवढाच या व्याख्यानाचा हेतू आहे. आम्ही वैद्य नव्हे. कामगार संघटनेचे काम करताना आजारी माणसांच्या रजेसाठी व औषधासाठी भांडावे लागते. त्या निमित्ताने जे वाचले व जाणत्यांना विचारून घेतले, ते येथे मांडीत आहोत.

प्रथम जंतूंची ओळख करून घेऊ. ‘जंतू’ हा शब्द आपण सरसकट वापरतो, पण त्यात निरनिराळ्या जाती आहेत. पहिली जात जीवाणूंची. जीवाणू म्हणजे एका पेशीचा स्वतंत्र जीव. लांबी साधारणपणे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापासून काही हजाराव्या भागांपर्यंत. क्षय, विषमज्वर, पटकी, घटसर्प हे जीवाणूंचे रोग. दुसरी जात विषाणूंची. विषाणू बहुधा याहूनही पुष्कळ लहान असतो, आणि तो स्वतःच्या बळावर वाढू शकत नाही. आपल्या शरीरातील पेशीत शिरून तिच्याकडूनच तो आपल्या प्रती तयार करवून घेतो. सर्दी, फ्ल्यू, गोवर, डेंग्यू, कावीळ आणि करोना हे विषाणूंचे रोग. मात्र कावीळ इतर कारणांनीही होते. तिसरी जात एकपेशीय परजीवींची. हिवताप आणि आमांशाचा एक प्रकार त्यांच्यामुळे होतो. याखेरीज नायटा, गजकर्ण उत्पन्न करणारी बुरशी आहे आणि पोटातील जंत आहेत.

परंतु जंतूचे नाव कळले म्हणजे काम झाले असे नाही, हे आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासाने दाखविले आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग सुरू झाला आणि पुढच्या वर्षी त्याने पुणे गाठले. प्लेगचा जीवाणू येर्सिन याने १८९४ सालीच हाँगकाँगमध्ये शोधला होता. पण तो उंदरावरच्या पिसवेमार्फत माणसात येतो, हे सिमाँ याने दाखविले १८९८ साली, आणि ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. म्हणजे १८९७ साली पुण्यात शत्रूचे नाव ठाऊक होते, वाट ठाऊक नव्हती. त्यामुळे रँडच्या कारकिर्दीत सोजिरांनी घरे धुंडाळली, सामान जाळले, माणसे छावण्यांत नेली. रोग हटला नाही. लोकांचा सरकारवरचा उरलासुरला विश्वास मात्र गेला. त्याच वर्षी ९ फेब्रुवारीला मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे प्लेगने गेले. गिरणी कामगारांना १८९० साली रविवारची सुटी मिळवून देणारे, आपल्या देशातील कामगार चळवळीचे हे आद्य पुरुष प्लेगच्या रोग्यांसाठी झटत होते. महिनाभराने, १० मार्चला, पुण्यात रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले त्याच रोगाने गेल्या. उंदीर आणि पिसू यांची गोष्ट तेव्हा ठाऊक असती, तर कितीतरी जीव वाचते.

आता आपल्या भागातील मुख्य वाटा पाहू. पहिली वाट पाण्याची. विषमज्वर, पटकी, ‘अ’ आणि ‘ई’ प्रकारची कावीळ, हगवण यांचे जंतू रोग्याच्या विष्ठेतून बाहेर पडतात आणि पाण्यातून किंवा अन्नातून दुसऱ्याच्या तोंडात जातात. ही वाट जुनी झाली असे कोणी समजू नये. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या बाजूला हातापायांतील शक्ती जाण्याच्या आजाराचे, गियाँ-बारे विकाराचे, रोगी एकाएकी वाढले. सगळे मिळून त्यांची संख्या दोनशेच्या वर गेली. अनेकांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा, पोट बिघडविणारा जीवाणू सापडला, आणि पिण्याच्या पाण्याकडे बोट दाखविले गेले. जुलाब थांबतात, पण शरीराने जंतूंविरुद्ध उभारलेली फौज क्वचित् एखाद्याच्या बाबतीत त्याच्या स्वतःच्याच मज्जातंतूंवर चालून जाते, आणि धडधाकट माणूस अंथरुणाला खिळतो.

आपल्याकडे कितीतरी इमारतींत आणि मजुरांच्या वस्त्यांत पाणी टँकरने येते. टँकर कोठे भरला, त्यात क्लोरीन टाकले होते काय, हे विचारणारे थोडे. क्लोरीन तपासण्याची ओ. टी. चाचणी दोन मिनिटांची आहे. औषधाचे थेंब टाकल्यावर पाणी पिवळे झाले तर क्लोरीन आहे, न झाले तर नाही. टाकीजवळ उभे राहून ही चाचणी मागणे हा प्रत्येक रहिवाशाचा हक्क समजावा. पाण्याविषयी शंका असेल तेव्हा ते खळखळून उकळावे.

दुसरी वाट डासांची. रोनाल्ड रॉस याने सिकंदराबादेस २० ऑगस्ट १८९७ रोजी डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी पाहिला. हिवतापाचा ॲनाफिलीस डास रात्री चावतो. डेंग्यूचा एडिस डास मात्र दिवसा चावतो, आणि त्याला गटार लागत नाही. पिंप, कुंडीखालची बशी, जुना टायर, बांधकामावर साठवलेले पाणी, एवढे त्याला पुरते. अंड्यापासून उडणारा डास होण्यास आठदहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी रिकामी करून कोरडी ठेवावयास सांगतात. नुसते पाणी ओतून भागत नाही; अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कित्येक महिने कोरडी राहू शकतात, म्हणून भांडे घासले पाहिजे. आता पाहा, एका कुटुंबाने आपले पिंप घासले आणि शेजारच्या अर्धवट इमारतीच्या तळघरात पाणी साचून राहिले, तर त्या कुटुंबाच्या मेहनतीचा उपयोग किती?

तिसरी वाट श्वासाची. क्षयाचा जीवाणू कॉख याने २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये जाहीर केला. फुप्फुसाचा क्षय झालेला माणूस खोकतो, बोलतो, तेव्हा सूक्ष्म कणांतून जंतू हवेत पसरतात, आणि कोंदट खोलीत ते बराच वेळ तरंगतात. ताटवाटीतून क्षय पसरत नाही. तरीही रोग्याचे ताट वेगळे होते आणि खिडकी मात्र बंदच राहते! एका खोलीत आठ-दहा जण पाळीपाळीने झोपतात, एकाची गादी गार होण्यापूर्वी दुसरा तीवर येतो, अशा खोल्या आपल्या औद्योगिक पट्ट्यात आहेत. क्षयाच्या जंतूला याहून सोयीची जागा कोणती? क्षय बरा होतो. साध्या क्षयाला सहा महिने औषध लागते, ते सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, आणि योग्य औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांत रोग्यापासून इतरांना असलेला धोका बहुधा संपतो. परंतु बरे वाटू लागताच औषध सोडले, तर उरलेले चिवट जंतू त्या औषधाला जुमानीत नाहीत.

औषधांचा विषय निघाला म्हणून पिंपरीचे स्मरण करणे अगत्याचे आहे. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ साली तेथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला, आणि पुढच्या वर्षी पेनिसिलीन तयार होऊ लागले. आपल्या पट्ट्यातील कामगारांच्या हातून देशाला हे औषध मिळाले, याचा अभिमान असावा. आणि म्हणूनच त्याचा गैरवापर आपण तरी करू नये. प्रतिजैविक जीवाणूला मारते, विषाणूला नाही. सर्दीला, फ्ल्यूला, डेंग्यूला त्याचा उपयोग नाही. दुकानातून दोन गोळ्या आणून घ्यायच्या आणि पाळीवर जायचे, या प्रकाराने रोग हटत नाही. शरीरातील इतर जीवाणूंना मात्र त्या औषधाची सवय होते.

पण माणूस दोन गोळ्या घेऊन पाळीवर का जातो? अज्ञानामुळे, हे उत्तर अर्धेच आहे. ठेकेदाराकडे रोजावर काम करणारा घरी बसला, तर त्या दिवसाची मजुरी जाते आणि कदाचित् कामही जाते. त्याला ‘विश्रांती घ्या’ असे सांगणे सोपे आहे. राज्य कामगार विमा योजनेत नाव असलेल्या व अटी पुऱ्या करणाऱ्या कामगाराला आजारपणात वेतनाच्या ७० टक्के रक्कम वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळते, आणि क्षयासारख्या दीर्घ आजारात त्यापुढेही ८० टक्के मिळण्याची सोय आहे. ज्याचे नाव नोंदलेले नाही, त्याला यातले काही मिळत नाही; तो खोकत खोकत कामावर येतो, आणि त्याच्याबरोबर जंतूही येतो. काचेच्या इमारतीत बसणारा अभियंता आणि तीच इमारत झाडणारी बाई एकाच उद्वाहनाची हवा घेतात. तेव्हा आजारी माणसाची भरपगारी रजा ही देणाऱ्याची मेहेरबानी नव्हे. उकळलेल्या पाण्याइतकाच तो साथ रोखण्याचा उपाय आहे.

म्हणून आपल्या वस्तीत ताप आला की नशिबाला आणि हवेला बोल लावू नये. रक्त तपासून जंतू कोणता ते विचारावे, मग त्याची वाट शोधावी. घरातली वाट घरच्यांनी बंद करावी; टाकीची, तळघराची आणि कोंदट खोलीची वाट बंद करण्यासाठी शेजाऱ्यांनी एकत्र येऊन ग्रामपंचायतीकडे, महापालिकेकडे, मालकाकडे आणि ठेकेदाराकडे जावे. एकट्याचा अर्ज टेबलावर पडून राहतो. पन्नास सह्यांचा अर्ज घेऊन पन्नास माणसे गेली, म्हणजे तो वाचला जातो, हा आमचा कैक वर्षांचा अनुभव आहे.