अनवाणी सहल : कोणी चालावे, कोणी जपावे?

जर्मनीतील बाड झोबर्नहाइम हे नाहे नदीकाठचे छोटे आरोग्यग्राम. तेथे १९९२ पासून एक आगळी पायवाट आहे. उन्हाळ्यात सुटीच्या दिवशी आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे कुटुंब तेथे येते, बूट-मोजे काढून ठेवते आणि साडेतीन किलोमीटर अनवाणी चालते. वाटेत गवत लागते, वाळू लागते, गोटे लागतात, गुडघाभर चिखल लागतो. नदी एकदा पाण्यातून चालत ओलांडायची आणि एकदा झुलत्या पुलावरून. शेवटी पाय धुऊन घरी. जर्मनीत आता अशा अनेक 'अनवाणी बागा' आहेत.

या कल्पनेची मुळे तेथील निसर्गोपचारात आहेत. पहाटेच्या दवात अनवाणी चालावे, थंड पाण्यात पावले टाकावीत, असा सल्ला सेबास्टियन क्नाइप हे धर्मगुरू एकोणिसाव्या शतकात देत असत. झोबर्नहाइममध्येच इमान्युएल फेल्के यांनी मातीचे उपचार केले. लोक त्यांना 'मातीवाले पाद्री' म्हणत. याच परंपरेतील आडोल्फ युस्ट यांचे पुस्तक गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत वाचले आणि मातीच्या पट्ट्यांचे प्रयोग स्वतःवर केले. पुण्याजवळ उरुळी कांचन येथे १९४६ मध्ये सुरू झालेला निसर्गोपचार आश्रम हा त्याच आवडीचा पुढचा टप्पा. त्या काळातील सगळेच दावे विज्ञानाच्या कसोटीला उतरले नाहीत. पण अनवाणी चालण्याविषयी आज बरेच काही ठाऊक आहे.

तळवा काय करतो?

एका पावलात २६ हाडे आणि तीसहून अधिक सांधे असतात. तळव्याच्या त्वचेत दाब, ताण आणि कंप ओळखणाऱ्या चेतातंतूंची दाट जाळी असते. जमीन कुठे उंच, कुठे घसरडी, शरीराचा भार कोणत्या बाजूला झुकला, ही खबर तेथून मेंदूला सतत जाते. डोळे आणि आतला कान यांच्या माहितीशी ती जुळवून मेंदू आपला तोल सांभाळतो. जाड, मऊ तळाचा बूट पायाचे रक्षण करतो, पण ही खबर थोडी बोथटही करतो.

तळव्याला घट्टे पडले की स्पर्श कमी होतो, असे आपण समजतो. केनियात अनवाणी चालणाऱ्या आणि बूट घालणाऱ्या लोकांची तुलना करणारा अभ्यास २०१९ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आला. घट्टे जाड असूनही अनवाणी चालणाऱ्यांची संवेदना कमी झालेली नव्हती.

लहान मुलांबाबतची एक महत्त्वाची पाहणी भारतातलीच आहे. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी ४ ते १३ वर्षांच्या २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासले. सपाट तळव्याचे प्रमाण पादत्राणे वापरणाऱ्यांत ८.६ टक्के, तर न वापरणाऱ्यांत २.८ टक्के निघाले. बंद बूट घालणाऱ्यांत ते सर्वाधिक होते. अशा पाहणीतून कारण पूर्णपणे सिद्ध होत नाही. तरी लहान वयात पाय थोडे मोकळे असावेत, या सल्ल्याला तिचा आधार आहे.

वयस्करांसाठी अमेरिकेतील ओरेगॉनमध्ये एक प्रयोग झाला. साठीच्या पुढच्या १०८ जणांपैकी काहींना १६ आठवडे गोट्यांसारख्या उंचसखल चटईवर चालायला लावले, तर काहींना नेहमीसारखे. चटईवाल्यांचा तोल अधिक सुधारला आणि रक्तदाबही थोडा उतरला. प्रयोग लहान होता, पण दिशा कळते.

आता कोणी म्हणेल, आपण तर घरात अनवाणीच असतो! खरे आहे; पण घरातली फरशी सपाट आणि कडक. तिथे पावलाला रोज तेच ते मिळते. टाचदुखीच्या रुग्णांना तर डॉक्टर घरातही मऊ चप्पल घालायला सांगतात. बागेतल्या वाटेचा फायदा नुसत्या अनवाणीपणात नाही. प्रत्येक पावलाला जमीन बदलते आणि पायाच्या लहान स्नायूंना काम मिळते, हे तिचे वैशिष्ट्य.

घरातल्या प्रत्येकासाठी नाही

सहलीला निघालेल्या कुटुंबात सगळ्यांचे पाय सारखे नसतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या अभ्यासानुसार देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. साखर अनेक वर्षे वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होऊ लागतात. अशा माणसाला काटा रुतलेला कळत नाही, तापलेल्या दगडाचा चटका कळत नाही. फोड दिसतो तो संध्याकाळी. रक्तपुरवठाही कमी असेल तर जखम चिघळते आणि कधी बोट, कधी पाऊल गमवावे लागते. कुष्ठरोगामुळे पाय बधिर झालेल्यांनाही हाच धोका.

म्हणून मधुमेह असलेल्यांनी 'माझ्या पायाला काही होत नाही' यावर विसंबू नये. बधिर पाय दुखत नाही, हीच तर अडचण आहे. डॉक्टर नायलॉनचा एक बारीक धागा तळव्याला टेकवून संवेदना तपासतात. काही मिनिटांचे काम आहे. ही तपासणी वर्षातून एकदा व्हायलाच हवी. संवेदना कमी असेल तर अनवाणी वाट टाळावी, अगदी घरातही चप्पल घालावी. नवरात्रात नऊ दिवस अनवाणी राहणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे, कारण तापलेला डांबरी रस्ता व्रत ओळखत नाही. आजोबांचे पाय बधिर असतील तर त्यांनी चांगले बूट घालून नातवाच्या शेजारून चालावे.

आपल्याकडे करायचे तर

जागा नीट निवडा. उघड्यावर शौचाला जाण्याची जागा किंवा कुत्र्या-मांजरांची घाण असलेली ओली माती टाळा. अंकुशकृमीच्या अळ्या त्वचेतून शरीरात शिरतात. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात लेप्टोची भीती असते, विशेषतः पायाला चीर असेल तर. गवत वाढलेले असेल तर साप-विंचवाचा विचार करा. धनुर्वाताची लस वेळेवर घेतलेली असावी.

स्वच्छ समुद्रकिनारा, कापलेली हिरवळ, नदीकाठची वाळू हे सोपे पर्याय. सोसायटीच्या आवारातही दहा-पंधरा पावलांचा पट्टा करता येतो. थोडी वाळू, थोडे गुळगुळीत गोटे, थोडी हिरवळ आणि आधाराला एक कठडा, एवढे पुरे. सुरुवात पाच-दहा मिनिटांनी करा, सकाळी किंवा ऊन उतरल्यावर. मुलांना पळू देण्याआधी मोठ्यांनी वाट एकदा डोळ्यांखालून घालावी. काच आणि खिळे तेव्हाच दिसतात.

परत आल्यावर साबणाने पाय धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा आणि तळवे उजेडात पाहा. स्वतःला वाकता येत नसेल तर खाली आरसा ठेवा किंवा घरातल्या कोणाला तरी पाहायला सांगा. चीर, फोड किंवा लालसरपणा दिसला आणि तो एक-दोन दिवसांत ओसरला नाही, तर डॉक्टरांना दाखवा. मधुमेह असेल तर मात्र त्याच दिवशी.